चीनचें मूळ आणि आमची गरमी

आमच्या शाहूवाडी तालुक्याच्या बाजारपेठेंत काष्ठौषधी विकणाऱ्याकडे जाऊन आपण चोपचिनी मागितली, तर तो एका जुन्या डब्यांतून चार-दोन गांठाळ तुकडे काढून आपणांपुढें टाकील. वरून तांबूस तपकिरी, आंतून फिकट गुलाबी, हाताला जड, आणि चवीला जवळजवळ कांहींच नाहीं. माझी आजी असले तुकडे देवघराच्या कोनाड्यांत एका पितळी डबींत ठेवीत असे, आणि अंगांतल्या उष्णतेवर यासारखें दुसरें औषध नाहीं असें सांगे. गुळवेल, वाळा, अनंतमूळ यांच्याच पंक्तीला बसणारें हें आपलें घरचें औषध, अशी माझी पक्की समजूत होती. छत्तीस वर्षें मुलांना इतिहास शिकवूनहि त्या नांवांतला 'चिनी' मला कधीं टोंचला नाहीं. उत्तरेकडे साखरेला चिनी म्हणतात, तसेंच कांहींसें हें असेल, असें मला वाटे.

चोपचिनी हा मूळचा फारसी शब्द आहे. चोब-इ-चीनी म्हणजे चीनचें लाकूड. पोर्तुगीज लोक तिला चीनचें मूळ म्हणत. आपल्या संस्कृत वैद्यांनीं तिचें नांव द्वीपांतरवचा ठेविलें, म्हणजे परमुलुखांतलें वेखंड. तिन्ही नांवांची साक्ष एकच, कीं ही वस्तु येथली नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला स्मायलॅक्स या प्रजातींत घालतात. चीनमधून येणाऱ्या मालांत या प्रजातीच्या दोन जाती, स्मायलॅक्स चायना व स्मायलॅक्स ग्लाब्रा, एकाच नांवाखालीं खपत. यांपैकीं दुसरीच्या मुळास चिनी वैद्य तू-फू-लिंग म्हणतात, आणि आजच्या चिनी वैद्यकाच्या पुस्तकांत त्याची गणना शरीरांतील उष्णता व विष बाहेर काढणाऱ्या द्रव्यांत केलेली असते. दक्षिण चीनमध्यें कासवाच्या पोटाकडील कवच आणि हें मूळ इतर वनस्पतींबरोबर पुष्कळ वेळ उकळून त्याची एक काळी, कडसर, थिजलेली खळ करतात, व अंगांतली उष्णता उतरावी म्हणून ती मध घालून खातात. म्हणजे माझी आजी जें सांगत होती, तेंच कँटनकडची एखादी आजी आपल्या नातवंडांना सांगत असली पाहिजे. या दोन आज्यांच्या मधली जी पांचशें वर्षांची वाट, ती आज मी आपणांस दाखविणार आहें. ती फारशी स्वच्छ नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों.

वाटेचा आरंभ औषधापासून होत नाहीं, रोगापासून होतो. १४९४ सालीं फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स इटालीवर चालून गेला, आणि १४९५ त त्याची फौज नेपल्स शहरीं असतां तिच्यांत एका भयंकर रोगाचा उद्रेक झाला. अंगभर फोड, हाडांत ठणका, आणि कांहींचे चेहरे ओळखूं येऊं नयेत अशी दशा. इटालीचे लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणूं लागले, फ्रेंच त्याला नेपल्सचा रोग म्हणूं लागले. १४९८ सालीं वास्को-द-गामा कालिकतला उतरला, आणि पुढच्या थोड्याच वर्षांत पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर हा रोग पूर्वेकडील बंदराबंदरांत पसरला. आपल्या लोकांनीं त्याला फिरंग रोग म्हटलें. चीनमध्यें तो दक्षिणेकडून वर गेला, म्हणून तिकडे त्याला कँटनच्या प्रांताचा फोड असेंहि नांव पडलें. जो तो हा रोग शेजाऱ्याच्या नांवावर लिहीत होता.

आज आपण त्यास उपदंश म्हणतों. इंग्रजी शिकलेले सिफिलिस म्हणतात.

चीनमध्यें या रोगावर प्रथम पाऱ्याचे क्षार देत. त्यांनीं फोड लवकर सुकत, पण हिरड्या सुजत, दांत हलत आणि रोगी आयुष्याचा अधू होई. ली शी-चेन या थोर चिनी वैद्यानें आपला प्रचंड वनौषधिग्रंथ १५७८ सालीं पुरा केला. तो छापून निघाला १५९६ त, ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं. पूर्वींच्या ग्रंथांत हा रोग नव्हता, तो दक्षिणेकडून आला, पाऱ्यानें लोकांची हानि झाली आणि तू-फू-लिंगाच्या काढ्यानें ती भरून निघाली, असा त्याच्या म्हणण्याचा भावार्थ आहे. हा काढा चालू असतां चहा पिऊं नये, असेंहि त्यानें बजाविलें आहे. चिनी माणसाला चहा सोडण्यास सांगणें म्हणजे काय, हें आपणां मराठी लोकांस आतां निराळें समजावून सांगावयास नको.

चीनहून हें मूळ गोव्यास आलें त्याची हकीकत एका मोठ्या विद्वानानें लिहून ठेविली आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला, व मरेपर्यंत, म्हणजे १५६८ पर्यंत, तो याच देशांत राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं त्याचें जाणें-येणें असे. त्या सुलतानाची चिकित्साहि त्यानें केली. मुंबईचें बेट कांहीं काळ याच ओर्ताकडे खंडानें होतें. जेथें पुढें इंग्रजांचा किल्ला झाला, तेथें त्याची वाडी होती. भारतांतील औषधी द्रव्यांवर त्यानें लिहिलेला संवादग्रंथ १५६३ च्या एप्रिलांत गोव्यासच छापला गेला. त्यांत रुआनो नांवाचा एक नवखा प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरें देतो, अशी रचना आहे. चीनच्या मुळावर एक स्वतंत्र संवाद असून, १५३५ च्या सुमारास चिनी लोकांबरोबर हें मूळ इकडे आलें व त्याची कीर्ति पसरली, असें त्यांत सांगितलें आहे. या ओर्ताचें कुळ मूळचें यहुदी. तो मेल्यावर बारा वर्षांनीं, १५८० सालीं, गोव्याच्या धर्मन्यायालयानें त्याचीं हाडें उकरून काढून जाळलीं. विषयाला सोडून आहे, पण त्याच्या ग्रंथाचें नांव घ्यावें आणि हें सांगूं नये, हें मला प्रशस्त वाटत नाहीं.

गोव्याहून मूळ युरोपांत जाण्यास वेळ लागला नाहीं. पांचवा चार्ल्स बादशहा आपल्या वातरक्तावर त्याचा काढा घेऊं लागला, आणि त्याचा वैद्य व्हेसेलियस यानें १५४६ त या काढ्यावर एक पत्रच छापून प्रसिद्ध केलें. पत्राचें नांव चीनच्या मुळाचें, पण बरींचशीं पानें शरीररचनेच्या वादाचीं. मुळाविषयीं स्वतः व्हेसेलियसला फारसा उत्साह नव्हता. गोव्यांत मात्र उत्साह ओसंडून जात होता. १५८३ पासून पांच वर्षें तेथें राहिलेला डच मनुष्य लिन्स्खोटेन लिहितो कीं, फिरंगी लोक या रोगाची लाज धरीत नाहींत. चीनच्या मुळानें बरे होतात, पुन्हा रोग लावून घेतात, आणि तीन-चार वेळां झाल्याची बढाई मारणारेहि त्यांत आहेत. हें वाक्य, श्रोतेहो, ध्यानांत असूं द्या. तोच मनुष्य तीन-तीन वेळां 'बरा' होतो, यांतच या औषधाचें सारें रहस्य आहे. त्याकडे मी पुन्हा येतों.

आपल्या वैद्यांनीं काय केलें? सोळाव्या शतकांतील भावमिश्र यानें भावप्रकाश नांवाचा ग्रंथ रचिला. संस्कृत वैद्यकांत फिरंग रोगाचें वर्णन प्रथम यांतच येतें. जुन्या ग्रंथांत नाहीं तो रोग अस्तित्वांतच नाहीं, असें न म्हणतां त्यानें नवा रोग डोळ्यांनीं पाहिला आणि लिहिला, ही मला त्याची मोठी थोरवी वाटते. फिरंगी लोकांच्या संसर्गानें हा होतो. तो बाहेरचा, आंतला आणि आंतबाहेर अशा तीन प्रकारचा आहे. यानें नाक बसतें, हाडें झिजतात व वांकडीं होतात, असें तो सांगतो. औषधांत रसकर्पूर म्हणजे पाऱ्याचा क्षार आहे, पण तो गव्हाच्या कणकेच्या गोळींत कोंडून, दांतांना स्पर्श न होऊं देतां गिळावयाचा. पारा तोंडाचें काय करतो हें त्याला पुरतें ठाऊक होतें. आणि दुसरें औषध चोपचिनीचें चूर्ण, एक शाणभर, म्हणजे चार मासे, मधाशीं. पथ्य एकच: मीठ सोडावें. ज्याला मीठ सोडवतच नाहीं त्यानें सैंधव खावें, अशी सवलतहि लागलीच दिलेली आहे. चिनी वैद्यानें चहा तोडला, आपल्या वैद्यानें मीठ तोडलें. ज्याच्यावांचून माणसाचें चालत नाहीं तेंच पथ्यांत नेमकें सांपडावें, यांत मला वैद्यांचा मनुष्यस्वभावाचा अभ्यासच दिसतो.

पण येथें एक गंमत आहे, आणि ती नुसती गंमत नाहीं. भावप्रकाशांत द्वीपांतरवचेचे गुण सांगतांना ती किंचित् कडू, अग्नि वाढविणारी आणि उष्ण आहे, असें म्हटलें आहे. उष्ण! ली शी-चेनच्या मतें तेंच मूळ गोड, बेचव, धड उष्ण नाहीं आणि धड थंडहि नाहीं. आणि माझ्या आजीच्या मतें तें अतिशय थंड. एकाच तुकड्याला तीन गुण! समुद्रावरून मूळ आलें, वापरण्याची रीत आली, पथ्याची कल्पना आली. परंतु तें काय करतें याची उपपत्ति वाटेंत गळून पडली, आणि ज्यानें त्यानें आपल्या घरची उपपत्ति त्याला चिकटविली.

आजीची उपपत्ति कोठून आली असेल, याचा विचार करतां मला वाटतें कीं ती शब्दांतून आली. फारशींत या रोगाला आतशक म्हणतात. आतश म्हणजे अग्नि. मराठींत आपण त्याला गरमी म्हणूं लागलों. फिरंग हें नांव पंडितांच्या पोथींत राहिलें, आणि लोकांच्या तोंडीं गरमी बसली. परकीयाचा रोग घरचा झाला. एकदां नांव गरमी पडल्यावर औषध थंडच असलें पाहिजे, हें ओघानेंच आलें. शिवाय गरमी या शब्दाची मोठी सोय होती. तोंड येणें ही गरमी, लघवीची जळजळ ही गरमी, डोळे लाल होणें ही गरमी. त्या गर्दींत दुसरी गरमी सहज लपून जाई. पूर्वीं राजापूरच्या बंदरांत उतरलेला माल अणुस्कुरा घाटानें बैलांच्या पाठीवर आमच्या मुलुखांत चढे. मुंबईस गेलेलीं आमचीं माणसें आंब्याच्या घाटानें परत येत. किराणा एका वाटेनें आणि गरमी दुसऱ्या वाटेनें येई, असें कोणी म्हटलें तर तें अगदींच खोटें ठरणार नाहीं.

आतां त्या पितळी डबीची गोष्ट सांगतों. ती आमच्या घरांतली आहे, आणि ज्यांची आहे त्यांपैकीं कोणी आज हयात नाहीं, म्हणूनच सांगतों.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ १९३० नंतरच्या सालांत मुंबईला गिरणींत होते. त्यांची बायको, जिला आम्ही थोरली आजी म्हणूं, ती गांवींच असे. दोन-अडीच वर्षांनीं ते परत आले ते अंगावर तांबूस चट्टे घेऊन. घरांत हळूच एकच शब्द निघाला. चोपचिनी आणविली गेली. चाळीस दिवस पडवींत बाज, अळणी भाकरी, दूध आणि तो काढा. काढा थोरली आजीच उकळीत असे. चाळीस दिवस भरण्यापूर्वींच चट्टे मावळले, अंग स्वच्छ झालें, आणि घरानें सत्यनारायण घातला. पुढें थोरल्या आजीला तीन मुलें झालीं. दोन मेलेलींच उपजलीं. तिसरें आठ-दहा दिवस जगलें. मग व्हावयाचें तें झालें. तिची कूस वाईट ठरली, आणि तिला माहेरीं पोंचविण्यांत आलें. कांहीं वर्षांनीं थोरल्या आजोबांचें दुसरें लग्न झालें, आणि त्या बायकोला धडधाकट मुलें झालीं. तेव्हां तर पहिलीच्या कुशीबद्दल कोणाच्या मनांत संशयच उरला नाहीं.

मी त्या थोरल्या आजोबांना पाहिलें आहे. त्यांची दृष्टि गेली होती, आणि चालतांना ते पाय उंच उचलून जमिनीवर आपटीत. आम्ही मुलें अंगणांत त्यांच्या चालीची नक्कल करीत असूं.

निवृत्तीनंतर एका जाणत्या डॉक्टरांशीं बोलतां बोलतां हा सारा इतिहास माझ्यापुढें उलगडला. उपदंशाचा पहिला फोड औषध दिलें न दिलें तरी तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. त्यानंतर अंगावर जे चट्टे उठतात, तेहि कांहीं आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं आपोआप मावळतात. मग रोग आंत दडून बसतो. पुष्कळांना तो पुढें त्रासहि देत नाहीं. पण औषध न झालेल्यांपैकीं सुमारें एक-तृतीयांश लोकांत तो दहा, वीस, तीस वर्षांनीं हृदय, हाडें, मज्जारज्जू किंवा डोळे यांवर उठतो. पायांचें तें आपटणें हें त्याचेंच एक लक्षण. पहिल्या कांहीं वर्षांत तो बायकोला होतो आणि तिच्या उदरांतल्या मुलांना मारतो; जुना झाला म्हणजे सहसा दुसऱ्यास लागत नाहीं. आमच्या घरांत दुसरीचीं मुलें जगलीं याचा अर्थ हा होता. ज्या पुराव्यावर थोरली आजी दोषी ठरली, तोच पुरावा तिला निर्दोष ठरवीत होता.

आणि चोपचिनीची कीर्तीहि येथेंच उलगडते. चाळीस दिवसांचें पथ्य आणि रोगाचा आपोआप दडून बसण्याचा काळ, हे दोन्ही एकमेकांवर नेमके बसले. लिन्स्खोटेनचे फिरंगी तीन-तीन वेळां बरे होत होते ते यामुळें. भावमिश्राचा अनुभव, ली शी-चेनचा अनुभव, आमचा सत्यनारायण, सारें यामुळें. त्यांतून पारा घेतलेला रोगी चोपचिनीवर आला कीं विषाचा मारा थांबे, आणि दूध, विश्रांति व साधें अन्न यांनीं तो खरोखरच टवटवीत दिसूं लागे. कोणीहि लबाडी केली नव्हती. बाहेरची गरमी आंत जात होती, आणि सर्वजण ती गेली असें म्हणत होते. सूज व सांध्यांचें दुखणें यांवर या मुळाचा कांहीं गुण असावा, असें आजहि वैद्य मानतात. पण उपदंशाचा जंतु त्यानें मरत नाहीं.

तो जंतु सांपडला १९०५ सालीं, बर्लिन येथें, शाउडिन व हॉफमन या दोघांना. पुढच्याच वर्षीं रक्ताच्या तपासणीची रीत निघाली. १९१० मध्यें एर्लिख आणि त्याचा जपानी सहकारी हाता यांचें सोमलापासून केलेलें औषध बाजारांत आलें, आणि १९४३ सालीं अमेरिकेंत महोनी यानें पेनिसिलिननें हा रोग बरा होतो हें दाखविलें. रोग ताजा असतां आज लांबणीवर टिकणाऱ्या पेनिसिलिनची एक सुई बहुधा पुरते. थोरल्या आजोबांच्या तरुणपणीं पेनिसिलिन नव्हतें, पण रक्ताची तपासणी होती, सोमलाचें औषधहि होतें. तें मुंबईंत होतें, पडवींत नव्हतें. आणि दवाखान्यांत जाऊन रोगाचें खरें नांव सांगावें लागलें असतें.

सरकारचीहि नजर याबाबत सरळ नव्हती. १८६८ सालीं इंग्रजांनीं हिंदुस्थानांत सांसर्गिक रोगांचा कायदा केला तो आपल्या गोऱ्या शिपायांच्या काळजीनें. त्यानें वेश्यांची नोंद झाली, त्यांची सक्तीनें तपासणी झाली, रोगी ठरल्यास त्यांना कोंडून ठेवीत. शिपायांना मात्र तसें कोणी कोंडलें नाहीं. पुष्कळ ओरड झाल्यावर १८८८ त तो रद्द झाला. दोष बायकांच्या पदरीं बांधण्याची रीत आमच्याच पडवींत जन्मली होती असें नाहीं, एवढ्यापुरतेंच हें सांगितलें. आज गरोदर स्त्रीच्या रक्ताची या रोगासाठीं तपासणी करतात, आणि वेळीं सुई दिली तर मूल वांचतें. अशी सुई थोरल्या आजीला मिळावयास हवी होती.

आंबा घाटाच्या रानांत एक काटेरी वेल झाडांवर चढलेली दिसते. रुंद, चकचकीत पान, त्यावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या पांच-सात ठळक शिरा, आणि देठाशीं सुतासारखे दोन ताणे. तिला आमच्याकडे घोटवेल म्हणतात. ही चोपचिनीचीच बहीण, स्मायलॅक्स प्रजातींतलीच, आणि तिचीं मुळें कित्येकदां चोपचिनी म्हणून विकलींहि जातात. तेव्हां आजीच्या डबींतले तुकडे कँटनकडचे होते कीं आमच्याच डोंगरांतले, हें आतां ठरवितां येणार नाहीं.

थोरली आजी माहेरीं वारली. मी एकदांच तिला पाहिलें. त्या वेळीं मी पांचवींत होतों. तिनें माझें नांव विचारलें, हातावर गुळाचा खडा ठेविला, आणि आमच्या घरच्या गाईला किती वासरें झालीं याची चौकशी केली. ती गेल्याची बातमी आली त्या दिवशीं माझी आजी चुलीपुढें बसली होती. "तिचा काय बी दोष न्हवता रं बाळा," इतकेंच ती म्हणाली. तिला तें कसें कळलें होतें, हें विचारण्याचें मला सुचलें नाहीं. पितळी डबी थोरल्या आजीचीच होती. माहेराहून आणलेली, आणि परत पाठवितांना मागें राहिलेली. आतां ती माझ्याकडे आहे. आंत दोन तुकडे आहेत, कीड लागून भुसा झालेले.